गोल करवतीच्या पात्याला घरी धार लावताना

सागाची फळी कापताना कडेला काळपट पट्टा उमटू लागतो. मोटारीचा आवाज मध्येच खाली बसतो. मायका लावलेल्या प्लायच्या खालच्या बाजूला पांढरे टवके दिसू लागतात, आणि फळी पुढे सरकवायला कालपेक्षा जास्त जोर लागतो. पात्याची धार गेली हे सांगायला कुणा उस्तादाची गरज नाही. मग एक तर नवं पातं आणायचं, नाहीतर जुनं धार लावायला कुठेतरी द्यायचं. ऑनलाइन मिळणारी छोटी धार लावायची यंत्रं बघून हल्ली बरेच जण तिसरा विचारही करतात: हे घरीच का करू नये?

करता येतं. मी करतो. पण यंत्र आणलं की काम होतं असं मात्र नाही. दात्यावर नेमकं काय चाललंय हे समजलं, तर साध्या यंत्रावरही पातं नव्यासारखं चालतं. समजलं नाही, तर चांगलं पातं दोन धारांत भंगारात जातं.

आधी कोणतं पातं धार लावण्याच्या लायकीचं ते ठरवा. मार्बल कटरला लावतात ती चार इंची, तीस-चाळीस दात्यांची पाती इतकी स्वस्त असतात की त्यांच्यामागे संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही. टेबल सॉ (टेबलात बसवलेली करवत) किंवा मायटर सॉचं (कोनात आडवा काप घेणारी करवत) दहा-बारा इंची, साठ-ऐंशी दात्यांचं चांगलं पातं मात्र काही हजारांत जातं. त्याच्या टिपा, म्हणजे दात्यांच्या टोकांना झाळलेले कडक तुकडे, जाड असतात आणि ते अनेकदा धार सोसतं. हा लेख त्या पात्यांसाठी आहे.

आणि धार लावण्याआधी पातं धुवा. बोथट वाटणारी कितीतरी पाती नुसती माखलेली असतात. सागाचं तेल, पाइनचा राळेसारखा चीक, प्लाय-एमडीएफमधला गोंद हे सगळं तापून दात्याच्या बाजूंवर काळा थर धरतं. तो थर लाकडाला घासतो, पातं तापतं आणि कापाची कड जळते. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकून पातं अर्धा तास भिजवायचं, मग जुन्या टूथब्रशने एकेक दाता घासायचा आणि लगेच कोरडं पुसायचं. कॉस्टिक सोड्यासारखं जहाल काही वापरू नका आणि तारेचा ब्रशही नको. एवढं करून एक काप घेऊन पाहा. माझी पाती एकदोनदा या पायरीवरच सुधारली आणि यंत्र काढावंच लागलं नाही.

धुऊनही जळतंय? मग भिंग घ्या. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग या कामात यंत्राइतकंच लागतं. दाता दिव्याखाली धरून टोकाची कड पाहा. धारदार कड दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिथे जागाच नसते. बोथट कडेवर मात्र पांढरी चकाकती रेघ दिसते. ती रेघ म्हणजे झिजून गोल झालेला भाग, आणि आपल्याला फक्त तेवढाच काढायचा आहे.

आता ही टिप कशाची असते ते पाहू. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये तिला सरसकट विडिया म्हणतात. मुळात ते क्रुप या जर्मन कंपनीचं व्यापारी नाव. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते घेतलं. कार्ल श्रोटर याने १९२३ साली टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये घट्ट बसवून भट्टीत एकजीव करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. क्रुपने तोच माल १९२०च्या दशकात ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. आज टिप कुठल्याही कंपनीची असो, आपला सुतार तिला विडियाच म्हणतो. डांबरी रस्त्यात जशी खडी असते आणि तिला डांबर धरून ठेवतं, तसंच हे. खडी म्हणजे कार्बाइडचे कण, डांबर म्हणजे कोबाल्ट. कण इतके कडक की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. आजोबांच्या हातकरवतीला तिकोनी कानशीने धार लावता यायची, कारण ती पोलादाची होती. विडियाला हिरा लागतो, म्हणून या यंत्रांना डायमंड व्हील, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेलं चाक, असतं.

हिऱ्याचं आणि पोलादाचं मात्र जमत नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं. शिवाय पोलादाचा कीस व्हीलच्या कणांमध्ये रुतून बसतो आणि व्हील गुळगुळीत होतं. म्हणून व्हील फक्त टिपेला लागलं पाहिजे, टिपेखालच्या पोलादी अंगाला नाही. चूक झाली की डोळ्यांना लगेच कळतं. विडिया घासताना ठिणग्या जवळजवळ उडतच नाहीत, उडाल्याच तर मंद लालसर आणि आखूड. पिवळ्या ठिणग्यांचा झोत दिसला की व्हील पोलादाला लागलंय. तिथेच थांबा.

दात्याला चार बाजू असतात. लाकडाला सामोरी जाते ती पुढची बाजू, तिला मी तोंड म्हणेन. वरची बाजू म्हणजे डोकं. ते मागच्या अंगाला साधारण पंधरा अंशांनी उतरतं, नाहीतर मागचा भाग लाकडावर घासला असता. उरल्या दोन कुशी, म्हणजे डाव्या-उजव्या बाजू. त्याही आत आणि मागे निमुळत्या होत जातात. टिप पोलादी पात्यापेक्षा रुंद असते म्हणून पातं कापात अडकत नाही. बहुतेक लाकडाच्या पात्यांत एका दात्याचं डोकं डावीकडे उतरतं, पुढच्याचं उजवीकडे. दोघे मिळून तंतू दोन्ही कडांना चाकूसारखे कापतात.

यातली कोणती बाजू घासायची? यंत्र विकणारे सगळ्याच घासता येतात म्हणून सांगतात. घरच्या यंत्रावर फक्त तोंड घासावं असं माझं ठाम मत आहे. त्यामागे एक छोटं गणित आहे.

दहा इंची पातं मिनिटाला ४५०० फेऱ्या घेतं असं धरू. त्याला साठ दाते आहेत. म्हणजे सेकंदाला ७५ फेरे आणि ४५०० दाते लाकडातून जातात. तुम्ही फळी मिनिटाला पाच मीटरने सरकवत असाल, तर ती सेकंदाला ८३ मिलिमीटर पुढे जाते. भागाकार केला तर प्रत्येक दाता जेमतेम ०.०१८ मिलिमीटर लाकूड उचलतो. डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे एका दात्याच्या वाट्याला केसाचा चौथा हिस्सा येतो.

आता समजा, धार लावताना एक दाता शेजाऱ्यांपेक्षा ०.०५ मिलिमीटरने बुटका झाला. त्याच्या वाट्याचं लाकूड त्याच्या मागून येणारा दाता उचलणार. बुटका दाता लाकडाला पोचतच नाही आणि त्याच्या मागच्यावर दुप्पट भार येतो. असे दहा-बारा बुटके दाते झाले की साठ दात्यांचं पातं पंचेचाळीस-पन्नास दात्यांचं होतं, तेही वेड्यावाकड्या अंतराने. काप खडबडीत येतो, आवाज बदलतो, आणि उंच राहिलेले दाते लवकर बोथट होतात.

डोकं घासताना हातून ०.०५ मिलिमीटरची चूक झाली, तर दाता पूर्ण ०.०५ने बुटका होतो. तोंड घासताना तीच चूक झाली, तर कड मागे सरकते आणि डोक्याच्या उतारावरून थोडीशीच खाली येते. उतार पंधरा अंशांचा असेल तर उंचीतला फरक त्याच्या साधारण पाव पट, म्हणजे ०.०१३ मिलिमीटर. तोंड घासताना भूमितीच आपली चूक चौपट सौम्य करते. स्वस्त यंत्राच्या ढिल्या स्लाइडवर (पुढे-मागे सरकणाऱ्या भागावर) यासारखा दुसरा आधार नाही.

याची किंमतही आहे. झीज जास्त करून डोक्याच्या बाजूने होते. डोक्यावर कडेपासून मागे ०.२ मिलिमीटर रुंदीचा पट्टा झिजला असेल, तर तो काढायला तोंडाकडून पूर्ण ०.२ मिलिमीटर घासावं लागतं. तोच डोक्याकडून ०.०५मध्ये निघाला असता. म्हणजे आपण टिप जास्त खर्च करतो. म्हणूनच पातं फार बोथट होऊ देऊ नका. रेघ बारीक आहे तोवर धार लावली, तर ०.१ मिलिमीटरमध्ये भागतं. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोठ्या यंत्रावर धार लावणारे तोंड आणि डोकं दोन्ही घासतात. त्यांची यंत्रं प्रत्येक दात्याची जागा काटेकोर धरतात, म्हणून त्यांना ते परवडतं.

आता यंत्र. स्वस्त यंत्र म्हणजे एक छोटी मोटर, तिच्यावर ताटलीसारखं डायमंड व्हील, पातं बसवायचा दांडा, आणि पुढे-मागे सरकणारी स्लाइड. दांड्यावर शंकूच्या आकाराचा तुकडा असतो. तो पात्याच्या बोअरमध्ये, म्हणजे मधल्या भोकात, घुसतो आणि पातं मधोमध बसवतो. यात तीन गोष्टी खराब असू शकतात आणि बहुधा असतातच.

पहिली, व्हील डगमगतं. ते हाताने फिरवून कडेजवळ एक टाचणी धरा, अंतर कमी-जास्त होताना स्पष्ट दिसेल. व्हील काढा, फ्लँज (व्हील ज्यावर टेकतं ती चकती) फडक्याने पुसा, कारखान्यातला रंग किंवा बर (धातूची खरखरीत कड) राहिला असेल तर काढा, आणि व्हील थोडं फिरवून पुन्हा बसवा. माझ्या यंत्रात निम्मी डगमग फ्लँजवरच्या रंगामुळेच होती. दुसरी, स्लाइडमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतो. बाजूचे स्क्रू इतके आवळा की स्लाइड जड सरकेल पण हलणार नाही. तिसरी म्हणजे कोनाची पट्टी. तिच्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

मग कोन कसा लावायचा? दात्याचं तोंड पात्याच्या केंद्राकडे सरळ पाहत नाही, पुढे झुकलेलं असतं. फळ्या उभ्या चिरायच्या पात्यात हा झुकाव वीस अंशांच्या आसपास, सर्वसाधारण पात्यात पंधराच्या आसपास असतो. मायटर सॉच्या पात्यात तो पाचवर किंवा शून्याच्याही खाली असतो, नाहीतर पातं लाकडावर चढून ते ओढून घेईल. ॲल्युमिनियमच्या पात्यात तर बऱ्याचदा तोंड मागे झुकलेलं असतं. कोन मोजायची सोपी युक्ती अशी: दात्याच्या तोंडालगत पट्टी ठेवून पात्याच्या मध्याकडे रेघ ओढा आणि ती केंद्रापासून किती अंतराने जाते ते मोजा. दहा इंची पात्यात ३३ मिलिमीटर आलं तर कोन पंधरा अंश, ४३ आलं तर वीस. एवढ्याने यंत्र जवळपास लागतं.

नेमकं लावायला मार्करची शाई घ्या. आठ-दहा दात्यांच्या तोंडांवर काळी शाई फासा. यंत्र बंद ठेवून व्हील हाताने फिरवा आणि एका दात्याला अगदी हलकं टेकवा. शाई कुठे पुसली गेली ते भिंगातून पाहा. फक्त टोकाजवळ पुसली असेल तर कोन एका बाजूला चुकलाय, मुळाजवळ पुसली असेल तर दुसऱ्या बाजूला. तोंडाच्या डाव्या कडेलाच पुसली तर व्हील आडवं तिरकं लागलंय. पूर्ण तोंडावरून सारखी पुसली जाईपर्यंत स्क्रू थोडे थोडे फिरवत राहा. मला पहिल्या वेळी याला पाऊण तास लागला, आता दहा मिनिटं लागतात. हा वेळ वाचवू नका. पातं वाचतं ते इथेच. काही पात्यांत तोंडंही आळीपाळीने डावी-उजवी तिरकी असतात. तसं असेल तर एका बाजूचे सगळे दाते आधी करा, मग यंत्र उलटं कलवून उरलेले.

प्रत्यक्ष घासणं त्यामानाने सोपं आहे. पहिल्या दात्यावर खडूने खूण करा, नाहीतर कुठून सुरुवात केली ते साठ दात्यांत हरवतं. व्हील बारीक दाण्याचं असावं. चारशे नंबरच्या आसपासचं मला ठीक वाटतं, जाड दाण्याने कडेला बारीक खोबणी पडतात. व्हील पूर्ण वेगात आलं की दाता हलक्या हाताने त्याच्यावर टेकवा, स्लाइड सावकाश आत-बाहेर करा, पुढचा दाता घ्या. दाब तोच, फेऱ्या तेवढ्याच. दोन फेऱ्या ठरवल्या तर साठही दात्यांना दोनच. एखादा दाता नीट झालेला दिसला नाही म्हणून त्याला एकट्यालाच तिसरी फेरी देण्याचा मोह होतो. तो टाळा. द्यायची तर साठांनाही द्या. मोडक्या किंवा टवका उडालेल्या दात्यासाठी बाकीच्यांना झिजवू नका. एखादा छोटा टवका तसाच राहिला तरी पातं नीट चालतं.

इथे रेटून चालत नाही. जोर दिला की टिप तापते. पहिल्याच पात्यावर माझ्याकडून मोठी चूक झाली. टिप तापल्याचं जाणवलं म्हणून मी तिला ओला फडका लावला. क्षणभर चर्र झालं. नंतर भिंगातून पाहिलं, तर टिपेवर आडवी, केसापेक्षा बारीक चीर. विडिया कडक असते तितकीच ठिसूळ. अचानक गार झाली की तडकते. ती टिप बदलून घेईपर्यंत मी ते पातं करवतीच्या मशीनवर चढवलं नाही. पाणी वापरायचं तर सुरुवातीपासून सतत थेंब पडत ठेवा, नाहीतर पूर्ण कोरडं आणि हलकं काम करा. तापवून विझवणं नको.

चिरेचं एवढं का मनावर घ्यायचं? मघाचंच पातं घ्या. मिनिटाला ४५०० फेऱ्यांना त्याच्या दात्याचा वेग सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २१५ किलोमीटर होतो. त्या वेगाने सुटलेली टिप कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. धार लावून झाली की पातं बोअरमध्ये बोट घालून लटकवा आणि लाकडी दांड्याने हलकं वाजवा. निकोप पातं घंटेसारखं वाजतं. आवाज भद्द आला तर अंगात चीर असू शकते. ते पातं पुन्हा लावू नका. प्रत्येक टिप भिंगाखाली पाहा, तिच्या मुळाशी चांदीच्या झाळणाची रेघ सलग आहे ना तेही बघा.

धुळीबद्दल मात्र ठासून सांगतो, कारण ही धूळ दिसत नाही. घासताना उडतो तो राखाडी कीस म्हणजे टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट. वर्षानुवर्षं ही धूळ फुप्फुसात गेलेल्या कामगारांना फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइड यांच्या एकत्रित धुळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. वर्षातून चार पाती करणाऱ्याला कारखान्यातल्या कामगाराइतका धोका नाही. तरीही एन९५ मास्क लावा, चष्मा लावा, घराच्या आत हे काम करू नका, आणि मुलं आजूबाजूला असताना तर नकोच. कीस फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडका फेकून द्या. हातमोजे मात्र घालू नका. फिरत्या व्हीलमध्ये मोज्याचा धागा अडकला की मागोमाग बोट जातं.

झालेलं काम तपासायला पुन्हा भिंग आणि दिवा. कडेवरची पांढरी रेघ गायब झाली असेल तर धार आली. अंगठ्याच्या नखावर दात्याचं टोक हलकं ओढून पाहा. बोथट असेल तर घसरतं, धार असेल तर रुततं आणि नखाचा भुगा निघतो. मग पातं मशीनवर चढवा, ते पूर्ण वेगात येऊ द्या, त्या रेषेत उभं न राहता मिनिटभर आवाज ऐका. त्यानंतर मायका लावलेल्या प्लायचा एक तुकडा कापा. साग लगेच घेऊ नका. सागात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, असते आणि ती ताजी कडही झपाट्याने बोथट करते. पहिली परीक्षा मायक्यावर जास्त चांगली होते, कारण तो कडेचा प्रत्येक दोष टवका काढून दाखवतो.

तोंडाकडून टिप किती राहिली ते कॅलिपरने मोजून ठेवा. माझ्या साठ दात्यांच्या पात्याची टिप नवी असताना अडीच मिलिमीटर जाड होती. एक मिलिमीटरच्या आसपास आली की मी ते घरी घासणं थांबवणार आहे, कारण त्यापुढे व्हील पोलादाला लागू लागतं आणि टिपेला मागून आधारही पुरत नाही. सध्या त्या पात्यावर मार्करने चार तारखा लिहिलेल्या आहेत, आणि शेवटच्या तारखेपुढे २.१.